हरणांसाठी बकव्हीट लावलं, उगवलं झटक्यात, पण पाडायला माणूस मिळेना (माझा अनुभव)

आधी मुद्द्याचं सांगतो. बकव्हीट, म्हणजे आपला कुट्टू, लावायचं असेल तर बियाण्याची गोणी घ्यायच्या आधी ते पाडायला, म्हणजे फुलावर आलेलं उभं पीक कापून आडवं करायला, कोण येणार आणि कशाने पाडणार हे पक्कं करा. मला सगळे नुसतं "सोप्पंय, कुठेही टाक, येतं" एवढंच सांगत होते, आणि ते खोटं नाहीये, उगवायचा प्रश्नच नाही, पण पुढचं कोणी बोलत नाही.

मी नोकरीला रॉचेस्टरला. फिंगर लेक्स नावाच्या लांबट तळ्यांच्या भागाखाली डोंगराकडे थोडी जमीन घेतलीये, म्हणजे न्यूयॉर्कच, पण उंच बिल्डिंगवालं नाही, मका आणि गाईंच्या गोठ्यांवालं न्यूयॉर्क. जुनं गवताचं कुरण होतं, बरीच वर्षं कोणी हात लावला नव्हता, कमरेएवढं गोल्डनरॉड, म्हणजे पिवळ्या फुलांचं तण, माजलेलं. शिकार मी करत नाही, शेजारी करतो, मला फक्त हरणं आणि रानटर्की येऊन चरलेल्या बघायच्यात. इथे हरणांना मक्याचा ढीग वगैरे घालायला कायद्याने बंदी आहे, एका जागी तोंडाला तोंड लावून खाल्लं की रोग पसरतो म्हणून. २००५ मध्ये ओनायडा काउंटीत हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे मेंदूचा जीवघेणा रोग, सापडला होता. पण शेतात पेरलेलं चालतं. म्हणून फूड प्लॉट, म्हणजे रानातल्या प्राण्यांना चरायला पेरलेला तुकडा. पाऊण एकर, आपल्या हिशोबाने तीस गुंठे.

माती तपासून घेतली तर पीएच ५.४, म्हणजे चांगलीच आंबट. चुना टाकला, पण चुन्याचा परिणाम दिसायला महिने जातात, तोवर काय करायचं? तर बकव्हीट. त्याला आंबट, हलकी जमीन चालते, नत्र फारसं लागत नाही, आणि पानं इतक्या लवकर पसरतात की खाली तणाला ऊनच मिळत नाही. जमिनीतला जो फॉस्फरस इतर पिकांना सहज मिळत नाही तोही ते ओढून घेतं आणि पाडल्यावर पटकन कुजून पुढच्या पिकाला देतं. प्लॅन असा की उन्हाळ्यात हे, मग ऑगस्टमध्ये ते पाडून टर्निप (शलगम) आणि मुळा, म्हणजे ऑक्टोबरपासून हरणांना हिरवं मिळतं.

पेरणीचं काय सांगू, काहीच नाही. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने डिस्क मारून दिली, जूनअखेर गळ्यात अडकवायच्या स्प्रेडरने ५० पौंडाची एक गोणी फेकली, गावाकडे फळी मारतात तसा एक जाळीचा तुकडा ओढला, झालं. चार-पाच दिवसांत उगवून आलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, म्हटलं हा आपला कुट्टू, तर ती म्हणे "अरे उपवासाचं धान्य हरणांना कशाला घालतोस, मला पाठव." आई मुळात भगर आणि राजगिऱ्यावाली, कुट्टू तिने एकदाच दिल्लीला खाल्लाय, पण असो.

जुलै संपता संपता सगळं पांढरं झालं. इथून खरी गोष्ट सुरू होते.

बकव्हीट गव्हासारखं एकदम पिकत नाही. खाली दाणा धरत असतो आणि वर नवीन फुलं येतच राहतात, थंडीने मरेपर्यंत. त्यामुळे "सगळं फुलून झालं की कापू" असं म्हणून चालत नाही, तो दिवस येतच नाही. नियम असा की फुलं सुरू झाली की सात ते दहा दिवसांत पाडायचं. उशीर केला की खालचे दाणे तपकिरी, टणक होतात, गळतात, आणि पुढच्या पिकात तेच पुन्हा उगवतं. शिवाय मला टर्निपची घाई होती, आमच्याकडे ऑगस्टच्या मध्यानंतर टर्निप टाकलं तर थंडीच्या आधी गड्डा धरायला वेळच उरत नाही.

मी ब्रश हॉगवाला शोधून ठेवला होता. ट्रॅक्टरमागे लावायचं ते झाडझाडोरा कापायचं अवजड यंत्र, ते घेऊन लोकांची शेतं साफ करून देणारा एक जण. पेरायच्या आधीच बोललो होतो, म्हणाला फुलं आली की फोन कर, दोन दिवसांत येतो. फुलं आली, फोन केला. म्हणाला पाऊस झालाय, जमीन ओली आहे, चाकं रुततील. ठीक आहे, खरं होतं. मग जमीन वाळली तर म्हणे गवताची दुसरी कापणी चालू आहे, ऊन आहे तोवर ते आधी. तेही मान्य, शेतकरी माणूस आहे, त्याचं गवत भिजलं तर वर्षाचा चारा गेला. मग गिअरबॉक्स बिघडला. मग शुक्रवारी नक्की. शुक्रवारी मी सुट्टी टाकून सकाळपासून गेटजवळ खुर्ची टाकून बसलो, फोन लागत नाही, दुपारी मेसेज की सोमवारी बघू. इतका वैताग आला की काय सांगू! तिकडे गावाकडे गवंडी असंच करतो तेव्हा आपण म्हणतो आपल्याकडे शिस्त नाही, इथेही तेच, फक्त सॉरी जास्त वेळा म्हणतात.

आणि मी रोज वाकून खालचे दाणे बघतोय. आधी हिरवे, मऊ, नखाने दाबले की दूध निघायचं. मग एकेक दाणा कडेने तपकिरी व्हायला लागला. दिसायला शेत इतकं सुंदर की येणाजाणारे थांबून फोटो काढतायत, मधमाश्यांचा नुसता घोंगाट, तोही दुपारपर्यंतच बरं का, बकव्हीटच्या फुलात मध सकाळी असतो, दुपारनंतर माश्या गायब. मी सोडून सगळे खूश.

दुसरे पर्याय बघितले नाहीत असं नाही. भाड्याने मिळतं ते हाताने ढकलायचं मशीन सगळ्या वीकेंडना बुक. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नेमका दुरुस्तीला. बाकीच्या ब्रश हॉगवाल्यांना फोन केले तर एकाने सरळ सांगितलं की तीस गुंठ्यांसाठी ट्रेलरवर ट्रॅक्टर चढवून कोण येईल, डिझेल सुटत नाही. हे मात्र प्रामाणिक उत्तर होतं, आणि मला वाटतं आमच्या पहिल्या ब्रश हॉगवाल्या साहेबांचंही खरं कारण हेच होतं, फक्त तोंडावर नाही म्हणायचं नव्हतं. त्यामुळे टिप अशी की छोटा प्लॉट असेल तर आजूबाजूच्या अजून एक-दोघांचं काम जोडून द्या, किंवा सरळ "कमीत कमी किती घेणार" विचारून तेवढे कबूल करा. स्वस्तात करायला गेलात की यादीत तुम्ही शेवटचे.

शेवटी शेजारी आजोबा कुंपणाशी उभे राहून सगळं ऐकून घेऊन म्हणाले की कापतोस कशाला, लोळव की. बकव्हीटचा दांडा पोकळ आणि पाणीदार असतो, चिरडला की संपला. त्यांच्याकडे लॉनवर फिरवायचा रोलर होता, आत पाणी भरायचा, तो काठोकाठ भरला आणि त्यांच्याच फोर व्हीलरला (कार नव्हे, शेतात फिरवायची चार जाड चाकांची मोटरसायकल) जोडला. पण आधी उभ्या पिकातच टर्निप आणि मुळ्याचं बी फेकलं, हे महत्त्वाचं, आधी बी, मग रोलर. बी बारीक असतं, खाली मातीपर्यंत जातं, आणि वरून आडवं झालेलं बकव्हीट त्याच्यावर पांघरूण होतं, ओल टिकते. टर्निप एकरी चार-पाच पौंड पुरे, जास्त टाकलं तर दाटी होऊन पाला पाला होतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर काही झाडं मान वर काढून पुन्हा उभी, म्हणून आडव्या दिशेने परत एकदा रोलर फिरवला. मग मात्र पडली ती पडलीच. ज्या कामासाठी मी हातापाया पडत होतो ते एका दुपारी झालं, डिझेल नाही, ब्रश हॉग नाही, आणि खरं सांगतो मला त्या रात्री नोकरीत प्रमोशन मिळाल्याएवढा आनंद झाला.

थोडे दाणे टणक होऊन गळले होतेच. ते टर्निपमध्ये उगवले, पण पहिल्या कडक थंडीत बकव्हीट काळं पडून मरतंच, त्यामुळे ऑक्टोबरात आपोआप निकाल लागला. काही दाणे टर्कींनी टिपले. भाजीच्या वाफ्यात हे झालं असतं तर मी रडलो असतो, फूड प्लॉटमध्ये चालून जातं. हो, आणि प्लॉट अगदी छोटा, पाच-दहा गुंठ्यांचा असेल तर हरणं बकव्हीट कोवळं असतानाच शेंडे खाऊन टाकतात, मग तण दाबायला काही उरत नाही.

आठवेल तसं सांगतोय. आधी त्या जमिनीत मका असेल आणि मक्यावर ॲट्राझीन हे तणनाशक मारलं असेल तर चौकशी करा, बकव्हीटला ते सोसत नाही, उगवून पिवळं पडतं. पाणी साचतं तिथे लावू नका, माझा खालचा कोपरा तसाच बोडका राहिला. शेवटची थंडी पडून गेल्याशिवाय पेरायचं नाही, आमच्याकडे म्हणजे मे संपल्यावरच. बियाण्यासाठी फिंगर लेक्समधल्या पेन यान गावाच्या बाजूला चौकशी करा, तिथे १७९७ पासून बकव्हीटची गिरणी आहे आणि १९८७ मध्ये त्या गावाने २८ फुटी पॅनकेक भाजला होता, तो तवा अजून भिंतीवर टांगलेला आहे, मुलांना दाखवायला बरं. आणि शेजारी कोणाच्या पांढऱ्या शेळ्या-मेंढ्या असतील तर त्या आत घुसणार नाहीत असं कुंपण बघा, हिरवं बकव्हीट भरपूर खाल्लं आणि उन्हात उभ्या राहिल्या की त्यांची कातडी भाजल्यासारखी लाल होते, आणि मग शेजाऱ्याकडे फोर व्हीलर मागायला जाता येत नाही.