‘रीड डाउन’ म्हणजे रद्द नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘अनैसर्गिक’ लैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड विधानाच्या कलम ३७७ विषयी निकाल दिला, तेव्हा ‘३७७ रद्द झाले’ असे सर्रास म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. इंग्रजी कायदेभाषेत मात्र त्या दिवशी जे घडले त्याला ‘रीड डाउन’ म्हणतात. कलमातला एक शब्दही खोडला गेला नाही. सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने ठेवलेले खासगी संबंध तेवढे त्याच्या कक्षेतून वगळले गेले. संमतीविना केलेल्या कृत्यांसाठी हेच कलम १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता येईपर्यंत लागू होते. रद्द झालेल्या कलमाखाली कोणावर खटला कसा भरला असता?

एखाद्या तरतुदीचा शब्दशः अर्थ घेतला तर ती घटनाबाह्य ठरते, पण अर्थ आवळून घेतला तर टिकते, अशा वेळी न्यायालय तो आवळलेला अर्थ पत्करते. विधिमंडळाला आपल्या अधिकाराबाहेर जायचे नव्हते, हे त्यामागचे गृहीतक. याचे जुने उदाहरण १९४१ चे आहे. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेवरील हक्कांचा १९३७ चा कायदा केंद्रीय विधिमंडळाने केला होता, आणि गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीचा वारसा हा तर प्रांतांच्या अखत्यारीतला विषय. कायद्यात मात्र नुसताच ‘मालमत्ता’ हा शब्द होता. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या ब्रिटिशकालीन फेडरल कोर्टाने ‘मालमत्ता म्हणजे शेतजमीन वगळून इतर मालमत्ता’ असा अर्थ लावला. कायदा टिकला खरा, पण ज्या घरात जमीन हीच सारी मालमत्ता होती, तिथल्या विधवेच्या हाती त्या कायद्याने काय पडले? प्रांताने स्वतःचा कायदा करेपर्यंत तिला थांबणे भाग होते. अर्थ आवळला की कोणीतरी बाहेर राहतेच, हे या शब्दप्रयोगाचे स्तुतिपाठक सहसा सांगत नाहीत.

वापराविषयी थोडेसे. भूतकाळात स्पेलिंग तेच राहते, उच्चार ‘रेड डाउन’ होतो. कर्म बहुधा कायदा, कलम किंवा नियम असते. पत्र कोणी ‘रीड डाउन’ करत असल्याचे माझ्या वाचनात नाही. कलम सरळ घटनाबाह्य ठरवून काढून टाकले, तर क्रियापद ‘स्ट्राइक डाउन’. माहिती तंत्रज्ञान कायद्यावरच्या मार्च २०१५ च्या निकालात दोन्ही शेजारी भेटतात: ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश गुन्हा ठरवणारे कलम ६६-अ पूर्णपणे गेले, तर इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळ कधी जबाबदार हे ठरवणाऱ्या कलम ७९ मध्ये संकेतस्थळाला आक्षेपार्ह मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळणे याचा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळणे, एवढाच मर्यादित केला गेला.

न्यायालयाला हे हवे तेव्हा करता येत नाही. कायम कर्मचाऱ्याला कारण न देता महिन्याच्या नोटिशीवर घरी पाठवण्याची मुभा देणारा दिल्लीच्या परिवहन सेवेतला नियम १९९० मध्ये घटनापीठापुढे आला. सरन्यायाधीश सब्यसाची मुखर्जी यांना तो आवळून टिकवायचा होता. बहुमताने नकार देऊन नियमच अवैध ठरवला. न्या. पी. बी. सावंत यांची भूमिका अशी की, भाषा निःसंदिग्ध आणि हेतू स्पष्ट असताना, हेतू कितीही चांगला असला तरी न्यायालयाने ती वाकवू नये. तसे करणे म्हणजे अर्थ लावणे नसून नवा नियम लिहिणे होय.