मोतीला घेऊन दिवाळीच्या कार्यक्रमाला

आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम एका सरकारी शाळेच्या सभागृहात होता. मला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे आणि हल्ली साखर घसरायला लागली तरी मला जाणवत नाही. माझ्या कुत्र्याला, मोतीला, ते कळतं. तो माझ्या गुडघ्यावर नाक घासत राहतो, मी साखर तपासेपर्यंत थांबत नाही. त्याला तेच शिकवलंय.

सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्वात मदत करायला शिकवलेला कुत्रा, सोबत असेल, असं मी कमिटीला आपणहून कळवलं. उत्तर आलं : सर्टिफिकेट आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा, काहींना ॲलर्जी आहे, शक्यतो घरीच ठेवा. वाचून रडूच आलं. ऑनलाइन पैसे भरून सर्टिफिकेट मिळतं, ते घ्यावं आणि मोकळं व्हावं असंही वाटलं. घेतलं नाही ते बरं झालं. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही.

मग अमेरिकेच्या न्याय खात्याच्या एडीए माहिती केंद्राला फोन केला. एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांचा १९९० सालचा कायदा. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. दारावरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो : अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार कोणता, हे विचारायचं नाही. कागद मागायचे नाहीत, काम करून दाखवायलाही सांगायचं नाही. कुणाला ॲलर्जी असेल तर त्याला आणि मला एकमेकांपासून लांब बसवायचं. पण कुत्रा भुंकत सुटला आणि मला आवरता आला नाही, किंवा त्याने आत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगू शकतात. तेव्हाही मला मात्र बसू द्यावं लागतं. नुसता मनाला आधार देणारा प्राणी यात धरत नाहीत, आणि मला ते पटतं. न शिकवलेला कुत्रा गर्दीत बिथरला की लोक मोतीकडेही संशयाने बघतात.

ती माहिती छापून कमिटीला पाठवली आणि एक प्रत पर्समध्ये ठेवली. तरी दारावर एका काकांनी थांबवलंच. "अगं, कुत्रा कुठे आत नेतेस?"

"काका, हा सर्व्हिस डॉग आहे. माझी साखर उतरली की मला सांगतो."

त्यांनी कागद चष्मा लावून पूर्ण वाचला. "मलाही शुगर आहे," म्हणाले, आणि कडेची खुर्ची दिली, म्हणजे मोतीला पायाशी पसरता येईल.

मध्यंतराच्या जरा आधी गुडघ्यावर ओलं नाक लागलं. मीटरवर ६४. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. ज्यूस प्यायले, तोवर मोतीने नजर हलवली नाही.

देवळाचं वेगळं आहे. एडीएचे हे नियम धार्मिक संस्थांना लागू होत नाहीत, म्हणून तिथे मी आधी फोन करून विचारते. एका देवळाला मागच्या आठवड्यात विचारलंय, विश्वस्तांशी बोलून कळवतो म्हणालेत.