ग्रीन कार्ड सांभाळून आईजवळ राहताना

"सा म्हैन्यातनं एकदा जाऊन शिक्का मारून या की, झालं!" कोल्हापुरात आल्यापासून हा सल्ला मला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, राजारामपुरीत औषधाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मिळाला. सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेत पाय लावून आलं की ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, टिकतं असं त्यांचं म्हणणं. सांगणाऱ्यांचा आमच्यावर जीव आहे. पण सल्ला चुकीचा आहे आणि त्याच्या भरवशावर राहून माणसं खरोखर अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीहून आलो ते आईसाठी. मंगळवार पेठेतल्या घरी न्हाणीत पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुन्हा चालायला लागेपर्यंत घरचं माणूस जवळ हवं होतं. नवरा, मी आणि मुलगी ग्रीन कार्डवर आहोत. धाकटा तिथंच जन्मला, म्हणून नागरिक. तो इथं कितीही राहिला तरी त्याच्या नागरिकत्वाला धक्का लागत नाही. मुलीचं तसं नाही. आईवडिलांनी अमेरिकेतलं वास्तव्य सोडलं असं ठरलं, तर अल्पवयीन मुलांनीही सोडलं असंच धरतात. आमच्या निर्णयाची किंमत तिला मोजावी लागू नये, म्हणून निघायच्या आधी सगळे नियम नीट वाचून काढले.

सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की परतताना नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते. वर्ष उलटलं की नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण त्या मुदतीच्या आत पाय लावून आलं की कार्ड शाबूत, असं कायदा कुठंच म्हणत नाही. १९८८ साली तिथल्या इमिग्रेशन अपील बोर्डापुढं एका बाईंचं प्रकरण आलं होतं. त्या नवऱ्याबरोबर जपानमध्ये राहत होत्या आणि मधूनमधून अमेरिकेत येऊन जात होत्या. बोर्डानं त्यांचं वास्तव्य संपलं असं ठरवलं. बघतात ते हे: कशासाठी गेलात, ते काम कधी संपणार हे ठरलेलं होतं का, आणि तुमचं घर, नोकरी, माणसं कुठं आहेत. मनात परतायचं होतं एवढं पुरत नाही, ते कागदावर दिसावं लागतं.

वर्षाच्या वर राहायची शक्यता असेल तर री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत यायची परवानगी, आधीच काढा. अर्ज आय-१३१ नंबरचा. तो भरताना तुम्ही अमेरिकेतच असायला हवं. कोल्हापुरात बसून तो भरता येत नाही. बोटांचे ठसेही तिथंच द्यायचे. ठसे दिल्यावर निघालात तरी चालतं, परमिट मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मागवता येतं. घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा, लहान मुलांचासुद्धा. मुदत साधारण दोन वर्षं, आणि ती वाढवून मिळत नाही. परमिट हातात असलं तरी वास्तव्य सोडलं की नाही हा प्रश्न विचारला जाऊ शकतोच. परमिटाशिवाय वर्ष उलटून गेलं, तर मग एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो आणि उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे सिद्ध करावं लागतं.

आमची एक निळी फाईल आईच्या कपाटात, तिच्या पैठणीच्या खालीच ठेवलीय. वर दवाखान्याचा डिस्चार्ज कागद आणि फिजिओथेरपीच्या नोंदी. खाली नवऱ्याच्या ऑफिसचं पत्र. इथून काम करायला परवानगी कधीपर्यंत, ती तारीख त्यात स्पष्ट आहे. तिथल्या घराचा करार, तिथली बँक स्टेटमेंटं, आणि टॅक्स रिटर्न. रिटर्न रहिवासी म्हणूनच भरायचं, इथलं उत्पन्न दाखवून. अनिवासी म्हणून भरलं, तर आपल्याच सहीनं वास्तव्य सोडल्यासारखं होतं. आणि आईबरोबर सहकारी बँकेत जोडखातं आहे ना, तेही विसरू नका. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेला वेगळं कळवावं लागतं.

नागरिकत्वासाठी लागणारी वर्षं मात्र परमिट असलं तरी वाचत नाहीत. सलग वर्षभर बाहेर राहिलं की पाच वर्षांच्या सलग वास्तव्याची अट सहसा तुटते. आम्ही हे समजून उमजून स्वीकारलं. आई वॉकर सोडून दारापर्यंत आली, त्याच्यापुढं तो उशीर मला मोठा वाटत नाही.

माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या मुलींनी हे जरूर वाचा. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि तात्पुरत्या मुक्कामात बाळ इथं जन्मलं, तर बाळाला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. अट अशी की, बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत, जन्मानंतरच्या तुमच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात ते तुमच्याबरोबर गेलं पाहिजे. बाळाचा पासपोर्ट आणि नाव घातलेला जन्मदाखला लागतो. विमानतळावर काउंटरवरच्या माणसाला हा नियम माहीत नसू शकतो, म्हणून त्याची प्रत छापून जवळ ठेवा.

आणि ज्यांच्या मुलांनी त्यांना कार्ड काढून दिलंय त्या काका-काकूंसाठी. तुम्ही थंडीत इथं, उन्हाळ्यात तिथं असे राहता. कधी विमानतळावर अधिकाऱ्यानं आय-४०७ नावाचा फॉर्म पुढं केला, तर थकव्यात किंवा भीतीपोटी सही करू नका. तो कार्ड स्वतःहून सोडत असल्याचा फॉर्म असतो आणि सही करायची सक्ती नसते. "मला इमिग्रेशन न्यायाधीशांपुढं जायचंय" असं शांतपणे सांगा, तो तुमचा हक्क आहे. एवढं इंग्रजी वाक्य मुलांकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.