एका लिटरात किती घंटे?

होडीला इंजिन बसवलं त्या दिवसापासून काठावर येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मोटारसायकल घेताना आपण हेच विचारतो, ट्रॅक्टर घेतानाही हेच. मीही तसाच हिशेब केला, आणि गेल्या नोव्हेंबरात पुतण्याला घेऊन गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात अंधारात अडकलो. त्यानंतर तीन महिने मोजमाप करून जे हाती आलं, ते इथं लिहितो. आपल्याकडच्या जलाशयांवर आता इंजिनाच्या होड्या वाढत आहेत. कुणाच्या तरी कामाला येईल.

मी कुही तालुक्यातला. १९८८ साली गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी चौथीत होतो. पुढं नौदलात पंधरा वर्षं काढली, तिथंच शिडाची होडी शिकलो. परत आलो तेव्हा गावाचं पुनर्वसन सुरू होतं. आता जुनं गाव पाण्याखाली आहे, नवं गाव वर आहे, आणि मधल्या पाण्यावर माझी सोळा फुटी फायबरची होडी आहे. कोकणातून जुनी घेतली, ट्रकवर टाकून आणली. शीड चांगलं आहे, पण इथं नुसत्या शिडावर भागत नाही. वारा केव्हा पडेल त्याचा नेम नाही. बुडालेल्या झाडांचे खुंट जागोजागी उभे आहेत, त्यांच्यामधून शिडाचे तिरके फेरे घेता येत नाहीत. म्हणून मागं पाच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन लावलं.

नोव्हेंबरातला हिशेब असा होता. एका शांत सकाळी मी एकटाच होडी घेऊन गेलो, इंजिन निम्म्यावर ठेवलं, मोबाइलवर अंतर मोजलं. एका लिटरात दहा किलोमीटर. पुतण्या म्हणाला, "काकाजी, जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर, म्हणजे दोन लिटर सहाशे. तीन लिटर टाका, झालं." मी तीन लिटर टाकलं. जाताना सगळं हिशेबाबरहुकूम झालं. परतताना वारा तोंडावर आला, लाटा उठल्या, होडी जागच्या जागी आपटायला लागली. तासाभरात पाचच किलोमीटर काटले. सूर्य खाली चालला होता, म्हणून मी इंजिनाचा वेग वाढवायची मूठ पूर्ण पिळली. इंजिन ओरडायला लागलं, पण वेग काही फारसा वाढला नाही. वीस मिनिटांत ते आचके देऊन बंद पडलं. टाकी उचलून हलवली तर तळाशी पेट्रोल डुचमळत होतं. तीनेकशे मिली असेल. होडी हेलकावत असली की ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि तेवढं पेट्रोल काही कामाचं राहत नाही. काठ अजून सहा किलोमीटर दूर होता, आणि तेवढ्यात वाराही पडला.

वल्ही काढली. अर्ध्या तासानं एक ढीवर बुवा जाळं टाकून डोंग्यातून परतताना दिसले. ते पुढं झाले, खुंटांमधली वाट दाखवत. त्यांना अंधारातही एकेक झाड ठाऊक होतं, कारण ती झाडं जमिनीवर उभी असताना ते त्यांच्या सावलीत बसले होते. मधेच त्यांनी विचारलं, "पेट्रोल सरलं का जी?" मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "एका लिटरात किती घंटे चालते ही मशीन?"

किती किलोमीटर नाही, किती घंटे. मला उत्तर देता आलं नाही. नौदलात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. रस्ता जागचा हलत नाही. पाणी आणि वारा दोन्ही हलतात. समोरून वारा असला की किलोमीटर लांबतात, पण इंजिनाची तासाची भूक मूठ जिथं ठेवली तिथं जवळपास तेवढीच राहते. म्हणून आधी तासाचा खप काढायचा, मग किती तास लागतील ते बघायचं. किलोमीटर त्यानंतर.

तासाचा खप काढायला फार काही लागलं नाही. इंजिनावरच एक लिटरची छोटी टाकी आहे, बाहेरची टाकी सोडून तीच वापरली. फवारणीच्या औषधासोबत मिलीच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं मापटं मिळतं, तसलं एक कोरं मापटं कृषी केंद्रातून आणलं. (औषधाला वापरलेलं घेऊ नका, आणि हे पुन्हा औषधाला वापरू नका.) मुठीवर बायकोच्या नेलपॉलिशनं तीन रेघा मारल्या: पाव, निम्मी, पूर्ण. देवळाच्या झेंड्यापासून उपसा सिंचनाच्या पंपघरापर्यंतचं अंतर जीपीएसवर दीड किलोमीटर भरलं. काठाला होडी सपाट ठेवायची, टाकी गळ्यापर्यंत भरायची, मूठ एका रेघेवर ठेवून अर्धा तास त्या दोन खुणांमध्ये येरझारा घालायच्या, परत येऊन गळ्यापर्यंत किती मिली लागलं ते बघायचं. भरताना घाई केली की बुडबुडा अडकतो आणि टाकी भरल्यासारखी दिसते; दोन मिनिटं थांबलं की पातळी बोटभर खाली जाते. पहिल्या दिवसाचे माझे आकडे त्या बुडबुड्यामुळेच फुकट गेले. येरझारा मात्र दोन्ही बाजूंनी हव्यात, म्हणजे वाऱ्याचा फरक फिटतो.

होडीत तिघं बसून, तीन वेगवेगळ्या सकाळी मोजून हे निघालं. पाव मुठीवर तासाला ४५० मिली, वेग साडेपाच किलोमीटर. निम्म्या मुठीवर ८०० मिली, वेग साडेसात. पूर्ण मुठीवर १ लिटर ७०० मिली, वेग सव्वानऊ. पुतण्यानं वहीत भागाकार केला आणि गप्पच बसला. पाव मुठीवर लिटरला बारा किलोमीटर, पूर्ण मुठीवर साडेपाच. घरी पोहोचायची घाई केली म्हणून आपण निम्म्याहून जास्त वाट गमावली होती.

याचं कारण होडीच्या लांबीत आहे. शिडाची होडी पाणी बाजूला सारत चालते, पाण्यावर उचलली जात नाही. ती स्वतःच एक लाट उठवते, आणि वेग वाढला की त्या लाटेच्या चढावर अडकते. जुना नियम असा: पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ नं गुणायचं. उत्तर नॉटमध्ये येतं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). माझी होडी पाण्यावर साडेचौदा फूट भरते. वर्गमूळ ३.८, म्हणजे सुमारे ५.१ नॉट, ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आत. त्यापुढं कितीही पेट्रोल ओता, मागची लाट तेवढी मोठी होते. त्या मर्यादेच्या आतही वेग दुप्पट करायचा तर साधारण आठपट ताकद लागते. ज्याला मापटं घेऊन बसायचं नाही त्यानं निदान एवढं धरावं: पूर्ण मुठीवर चार-स्ट्रोक इंजिन एका हॉर्सपॉवरला तासाला लिटरचा एक-तृतीयांश ते थोडं जास्त पितं. पाच हॉर्सपॉवरला पावणेदोन लिटर. माझं मोजमाप त्याच्या जवळ आलं तेव्हा माझा या आकड्यावर विश्वास बसला. टू-स्ट्रोक असेल तर बरंच जास्त धरा.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी ऊर्जा असते, त्यामुळे जुन्या आकड्यांवर सहा-सात टक्के चढवून धरावे लागतात. शिवाय ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर डबीत राहिलेलं पेट्रोल होडीच्या इंजिनात टाकू नका. दुसरं, पंपावर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये द्यायला नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना, विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं, पण धातूच्या, पक्क्या झाकणाच्या आणि पंचवीस लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या भांड्यात. मी दहा लिटरचा पत्र्याचा कॅन घेतला.

हे सगळं ज्याच्यासाठी केलं ती फेरी फेब्रुवारीत झाली. बाबांना पाण्यावरून अंभोऱ्याला जायचं होतं. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ, आणि आता तो दोरांवर तोललेला नवा पूल. रस्त्यानं तासाभरात होतं, पण बाबांना जुन्या गावावरून जायचं होतं. वय ८१. त्यांना घेऊन पेट्रोल संपलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. महाशिवरात्रीच्या गर्दीच्या आठवडाभर आधीचा दिवस धरला.

या वेळी वही मी लिहिली. जायला चौदा किलोमीटर, निम्मी मूठ, दोन तासांना आठ मिनिटं कमी, दीड लिटर. परतीला वारा तोंडावर येणारच असं धरलं. नोव्हेंबरचा ताशी पाच किलोमीटरचा वेग, म्हणजे दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि वाऱ्यात मूठ जरा वर लागते म्हणून तासाला एक लिटर. दोन लिटर आठशे. जलपर्णीसाठी तीनशे मिली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्यावर ही जलपर्णी पोसते. पंख्यात गुंतली की इंजिन बंद करून, वर उचलून हातानं सोडवावी लागते, आणि तिच्यातून रेटायला गेलं तर वेग शून्य, खप चालूच. बेरीज चार लिटर सहाशे. समुद्रावरची माणसं तिहाईचा नियम पाळतात: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. त्या नियमानं चार लिटर सहाशे म्हणजे दोन हिस्से, तिसरा हिस्सा दोन लिटर तीनशे. सात लिटर घेतलं, आणि इंजिनावरची एक लिटरची टाकी भरून ठेवली, तिला हिशेबात धरलंच नाही. तळाचे तीनशे मिलीही नसल्यासारखे धरले.

सकाळी वारा मागून होता. पाऊण तास शिडावर गेलो, इंजिन बंद. जुन्या गावाच्या जागेवर आलो तेव्हा बाबा म्हणाले, "थांबव गा जरा." शीड सोडलं. पाणी गढूळ हिरवं, खाली काहीच दिसत नव्हतं. त्यांनी हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. "आपली विहीर इथंच असन," म्हणाले. पुतण्या जीपीएसवर बघून काही सांगणार होता, मी त्याला खुणेनं थांबवलं.

देवळात दर्शन झालं, पुलाखाली भाकरी खाल्ली. परतीला वारा तोंडावर आला. जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पातळी २४५.५ मीटर असते आणि बरेच खुंट पाण्याखाली दडतात; आता पाणी उतरत होतं आणि काही खुंट पाण्याच्या जेमतेम खाली होते, ते सगळ्यात वाईट. म्हणून सरळ वाट सोडून जुन्या नदीच्या पात्रावरून वळसा घेतला. चौदाचे सोळा किलोमीटर झाले. बाबा शाल गुंडाळून पुढं बसले होते, तोंडावर पाण्याचे शिंतोडे येत होते. मी मूठ एकदाही दुसऱ्या रेघेच्या फार वर नेली नाही. दोनदा पंखा सोडवला. एकूण तीन तासांना थोडं कमी लागलं आणि आम्ही उजेडात काठाला लागलो.

बाबांना घरी पोहोचवून मी परत काठावर आलो. पुतण्यानं टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये ओतलं आणि मापट्यानं मोजायला घेतलं. ढीवर बुवा जाळं वाळत घालत होते, ते येऊन उभे राहिले. दोन लिटर सातशे उरलं होतं. गेलं चार लिटर तीनशे. पुतण्यानं वहीत तारीख टाकली, वारा, माणसं, मूठ आणि तास लिहिले. मग बुवांकडे बघून म्हणाला, "आबाजी, निम्म्या मुठीवर लिटरात सव्वा घंटा. वारा तोंडावर असला तर एकच घंटा धरायचा."

"मंग भंडाऱ्याला किती लागन?" बुवांनी विचारलं. पुतण्यानं पान उलटलं.