‘जाचं का राहाचं’ : वर्गात बनवलेल्या एका खेळाचा माझा अनुभव

संक्रांत सरली की आमच्या शाळेचा पट तेवढाच राहतो आणि हजेरी उतरायला लागते. धानाचं चुरणं आटोपलेलं असतं, शेतात काम नसतं, आणि तेलंगणातल्या मिरची तोडणीचा निरोप आलेला असतो. खम्मम, वरंगळ ही नावं चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल-सिंदेवाही पट्ट्यातल्या पोरांना तोंडपाठ आहेत. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. पुस्तकातल्या नकाशावर स्थलांतराचे बाण खेड्याकडून शहराकडे जातात. आमच्या गावचे बाण एका शेतातून निघून दुसऱ्या शेतात जातात आणि उन्हाळ्यात परत फिरतात.

खेळाची कल्पना एका प्रशिक्षणात सुचली. तिथे निर्वासितांवरचा ‘बरी मी, माय लव्ह’ हा २०१७ सालचा मोबाइल गेम दाखवला होता. सीरियातून युरोपकडे निघालेली नूर वाटेवरून नवऱ्याला मेसेज करत राहते, आणि खेळणाऱ्याने मागे राहिलेल्या नवऱ्याच्या बाजूने उत्तरं द्यायची. युद्ध आणि मिरची यांची बरोबरी मी करणार नाही. पण मागे राहून फोनची वाट पाहणारा खेळाडू मला माझ्या वर्गात रोज दिसतो.

मोबाइल गेम बनवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याचा पट करायचं ठरलं. मनाशी एक मात्र पक्कं होतं : खेळातले आकडे मनाने लिहायचे नाहीत, सरकारने सगळ्यांसाठी खुले ठेवलेले घ्यायचे. नाहीतर पोरं ज्याच्या त्याच्या घराची कहाणी खेळात आणतात आणि कुणाचं तरी घर उघडं पडतं.

सुरुवात २०११ च्या जनगणनेपासून केली. स्थलांतराचे तक्ते ‘डी’ मालिकेत आहेत, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. फोनवर ते धड उघडत नाहीत. तालुक्याला जाऊन सेतू केंद्रात प्रिंट काढल्या. त्यानुसार देशात ४५.५८ कोटी लोक स्थलांतरित, म्हणजे शंभरातले सदतीस. पोरांना खरं वाटेना. मग केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल (कामगारांच्या) सर्वेक्षणाचे आकडे फळ्यावर लिहिले : शंभर बायकांमधल्या ४७.९ स्थलांतरित, पुरुषांमध्ये मात्र १०.७. आणि या बायकांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे.

“तुमच्या आईचं माहेर कुठलं?” मी विचारलं. नागभीड, पोंभुर्णा, सावली, एकीचं तर थेट गोंदिया. जिचं माहेर गावातलंच, अशी आई एखादीच. म्हणजे वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या आया सरकारी हिशेबात स्थलांतरित! पोरं हसली. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक पोरगी उठून म्हणाली, “मॅडम, मंग माही माय मिरचीले जाते, तं थे काय होय?”

याचं उत्तर शोधण्यात पुढचे कितीतरी दिवस गेले. श्रमबल सर्वेक्षणात नेहमीचं राहण्याचं ठिकाण म्हणजे जिथे सहा महिने किंवा जास्त मुक्काम आहे ते. मिरचीचा हंगाम त्याच्या आत संपतो, त्यामुळे तिची माय त्या आकड्यात येत नाही. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात अशा लोकांसाठी वेगळा प्रश्न होता : कामासाठी एक महिन्याहून जास्त आणि सहा महिन्यांहून कमी काळ कोण बाहेर होतं? ग्रामीण भागात उत्तर आलं १.७ टक्के. फेब्रुवारीत आमच्या गावातली कुलूपं पाहिली की या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. देशाची सरासरी गावाला लागू होत नाही हे मला कळतं, पण खाली गावापर्यंतचा आकडा कुठे मिळतच नाही.

मग पटाची मांडणी याच प्रश्नाभोवती केली. बारा घरं, मृगापासून वैशाखापर्यंत. प्रत्येक गट म्हणजे एक कुटुंब, दीड एकर धान, पैशाऐवजी चिंचोके. पावसाच्या चिठ्ठ्या कृषी विभागाच्या ‘महारेन’वरून आमच्या तालुक्यात खरोखर पडलेल्या पावसाच्या केल्या. रोवणीत चिंचोके येतात, दवाखान्यात आणि सोसायटीच्या हप्त्यात जातात. पौषाच्या घरात पोचलं की गटाने ठरवायचं : जाचं का राहाचं? खेळाचं नावही तेच पडलं.

राहणाऱ्या गटासाठी रोजगार हमीच्या चिठ्ठ्या. २०२४-२५ मध्ये रोहयोचा दर महाराष्ट्रात २९७ रुपये होता, तेलंगणात ३००. हे पाहून एक पोरगा बोलला, “तीन रुपयांसाठी कोन जाते जी इतक्या दूर?” मला असंच काही हवं होतं. दर बघायचा नसतो, काम किती दिवस मिळालं ते बघायचं असतं. रोहयोच्या संकेतस्थळावर ग्रामपंचायतीत किती मनुष्यदिवस काम झालं ते दिसतं. ते पोरांनी उतरवून काढलं आणि कामाच्या चिठ्ठ्या त्या प्रमाणातच ठेवल्या. मजुरी पंधरा दिवसांत मिळावी असं कायदा सांगतो. ‘मस्टर भरलं, पैसे अडकले’ ही चिठ्ठी मात्र पोरांनीच घातली, त्याला कुठल्या संकेतस्थळाची गरज पडली नाही.

याच संकेतस्थळावर जॉबकार्डाची यादी नावानिशी उघडते. ती मी वर्गात दाखवली नाही. डेटा खुला असला तरी गाव लहान आहे. कुणाच्या घरी किती दिवस काम झालं ही चर्चा पोरांच्या तोंडी नको.

जाणाऱ्या गटासाठी ‘ॲगमार्कनेट’ या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावरचे मिरचीचे रोजचे भाव. तिथे वरंगळ बाजाराचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. एकाच दिवशी किमान आणि कमालमध्ये एवढा फरक कसा, यावर अख्खा तास गेला. काही ठिकाणी मजुरी मिरचीतच मिळते, त्यामुळे प्रश्न पोटाचा होता : आपल्या वाट्याची मिरची कोणत्या भावाची धरायची? शेवटी फासा टाकायचं ठरलं. एक किंवा दोन पडले तर किमान दर, सहा पडले तरच कमाल. ठेकेदार कोण व्हायचं यावर भांडण झालं, कारण सगळ्यांनाच व्हायचं होतं.

पोरांनी खेळ चांगला खेळला. पण खरी परीक्षा पालकसभेत झाली. पुरुष कडेला उभे राहिले, बायका मात्र पटाभोवती मांडी घालून बसल्या. खेळता खेळता त्या आमच्या चिठ्ठ्या खोडत गेल्या. जाण्यायेण्याच्या गाडीचे चिंचोके आम्ही फारच कमी धरले होते म्हणे. रात्री हातांची आग होते, तेल चोपडलं तरी झोप लागत नाही, त्याची चिठ्ठी कुठे आहे? एका आजीने तर पटच स्वतःकडे ओढला. “बाई, तुमच्या खेळात जानं हाय, येनं हाय. माय नसताना पोराले ताप येनं काहून नाई?” ती चिठ्ठी आजींच्या सांगण्यावरून तिथेच लिहिली. ज्याला निघेल त्या गटाने एक तर अर्धी मजुरी सोडून परत यायचं, नाहीतर पुढची पाळी गप्प बसायचं. त्यानंतर दोन गटांनी पौषात ‘राहाचं’ म्हटलं आणि वैशाखापर्यंत त्यांचे चिंचोके संपले. कुणी हसलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत तेलंगणातून चालत आलेल्या बायका त्या बैठकीत होत्या. त्या बोलायला लागल्या आणि खेळ तिथेच थांबला.

जागृती म्हणजे ‘जाऊ नका’ सांगणं, अशी माझी समजूत कधीच नव्हती. दीड एकर धानावर घर चालत नाही, हे त्या बायकांना पटावर बघायची गरज नव्हती. मला पाहिजे होतं ते पोरांच्या मुक्कामाचं बोलणं. बाहेर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देता येतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पण महाराष्ट्राबाहेर, तेलुगू शाळेत, सातवीतल्या पोराने ते कार्ड घेऊन करायचं काय? त्यापेक्षा पोर गावातच राहावं, त्याच्या जेवणाची आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय व्हावी, म्हणून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीत मांडला. समितीने ठराव केला, पालकांच्या सह्या त्याच सभेत झाल्या. वरच्या कार्यालयातून मात्र आधी यादी परत आली, मग नमुना बदलला म्हणून पुन्हा परत आली. मंजुरी आली तेव्हा हंगाम निम्मा सरला होता. तोवर पोरं आजी-आजोबांकडे राहिली आणि दुपारचं जेवण शाळेत जेवली. काही जण गेलेच.

खेळ आता शेजारच्या केंद्रातल्या दोन शाळांनी नेला आहे. पट छापायला खर्च नाही. पण चिठ्ठ्या आपल्या तालुक्याच्या आकड्यांवरूनच करा, हे मी बजावून सांगते. मेळघाटातल्या शाळेला मिरची नको, त्यांची माणसं होळीला परततात, त्यांचा पट वेगळाच होईल. पुसद भागातल्या तांड्यांवर उसाचा कोयता आणि मुकादमाची उचल आहे, तिथे पहिल्याच घरात कर्ज डोक्यावर असलं पाहिजे.

सध्या वर्गात वाद चालू आहे तो नव्या चिठ्ठीवरून. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे माणसांची मोजणी फेब्रुवारीत, ऐन मिरचीत. मोजणीच्या संपूर्ण काळात माणूस घरी नसेल तर तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम. म्हणजे कुणी शेतातल्या पालापर्यंत गेलं तर त्यांची माय तेलंगणात मोजली जाणार. मोजणीला जाणारे बहुतेक आम्ही मास्तर लोकच, त्यामुळे पोरं मलाच धारेवर धरतात. ‘प्रगणक आला’ ही चिठ्ठी माघात ठेवायची हे ठरलं आहे. ती निघाली की गटाला चिंचोके मिळावेत की नाही, यावर अजून एकमत नाही.