लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व किती?

मेडिकलमधून क जीवनसत्त्वाची ५०० मिग्रॅची गोळी आणि ५ टक्के पोव्हिडोन-आयोडीनचं द्रावण आणा (मलम नको). गोळी कुटून ५०० मिली पाण्यात विरघळवा. म्हणजे १० मिलीत १० मिग्रॅ. आयोडीन १० मिली घेऊन त्यात ४० मिली पाणी. पाव चमचा कॉर्नफ्लोअर कपभर पाण्यात उकळून पूर्ण गार करा, कारण गरम खळीत निळा रंग उमटतच नाही.

गोळीच्या १० मिली पाण्यात चमचाभर खळ घाला आणि सिरिंजने थेंबथेंब आयोडीन सोडा. निळा रंग येतो, ढवळलं की जातो, कारण क जीवनसत्त्व आयोडीन खातं. वीस सेकंद टिकला की थांबा. साधारण १४ मिली लागतं. आता गाळलेला २० मिली रस घेऊन हेच करा. समजा, गोळीला १४ आणि रसाला ७ मिली लागलं, तर रसात ५ मिग्रॅ, म्हणजे १०० मिलीत २५.

तांब्या-पितळेचं भांडं नकोच. तांब्यामुळे हे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होतं. बाटलीबंद रसात सल्फाइट (रस टिकवायला घातलेलं रसायन) असेल तर तेही आयोडीन खातं, आकडा उगाच फुगतो. डाळिंबाच्या रसाच्या वाटेला तर जाऊच नका, त्या लालीत निळा दिसणार कुठून!