वरच्या दोन खोल्या

नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने देते, एकेका रात्रीसाठी. होमस्टेचे सगळे नियम पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत, आणि माझ्याकडे पर्यटक येतात कमीच. येतात ते हायकोर्टात तारीख असलेले गडचिरोलीचे काका, मिहानच्या एम्समध्ये आईला दाखवायला आलेलं बैतूलचं कुटुंब, परीक्षेला आलेली पोरगी अन् सोबत तिचे बाबा. डिसेंबरात अधिवेशन लागलं की निवेदनांची फाइल काखेत घेतलेले शिक्षक. पेंच-ताडोबावाले एक रात्र टेकतात आणि पहाटेच्या अंधारात जिप्सी गाठायला पळतात.

माझा भाचा अमेरिकेत जर्सी सिटीत असतो. त्यानेही एक फ्लॅट असाच ॲपवर टाकला होता. तिथे २०१९ च्या नोव्हेंबरात नगरपालिकेच्या नियमांवर लोकांनी मतदान केलं आणि नियम राहिले: मालक त्या जागी राहत नसेल तर वर्षाला जास्तीत जास्त ६० रात्री. पठ्ठ्याने हिशोब केला आणि सरळ वर्षाचा भाडेकरू ठेवला. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, तुझ्याकडे असं आलं तर?"

आलं तर मला आनंदच आहे. मी खालीच राहते.

पलीकडच्या न्यूयॉर्कचा कायदा मात्र ऐकून मी कपाळाला हात लावला. सप्टेंबर २०२३ पासून तिथे ३० दिवसांहून कमी राहणाऱ्याला ठेवायचं तर घरमालक घरात हवा, पाहुणे दोनच, आणि आतल्या दारांना कुलूप लावायचं नाही. घरमालक घरात हवा, हे पटलं. पण दोनच माणसं? पेशंट, त्याची बायको, मुलगा आणि गावाहून "सोबत म्हणून" आलेले मामा, एवढे आपल्याकडे सुरुवातीलाच असतात. मामांना बसस्टँडवर झोपवू का? आपल्या केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्या चालतात आणि मालकाने कुटुंबासह तिथेच राहायचं असतं. ही अट शहाण्या माणसाने लिहिलेली दिसते.

कारण आमच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आहे. मालक पुण्यात, किल्ली दाराजवळच्या नंबरच्या डबीत. रात्री दीडला तिथे वाढदिवसाचा केक फुटतो आणि सकाळी शेजारच्या काकू मला गाठतात, "काहो, तुमच्याकडे कोण कोण येऊन राहिले बाप्पा?" माझा काही संबंध नसतो, पण ऐकून मीच घेते. फाटकाशी उभी मीच सापडते ना.

कागदांना मी घाबरत नाही. आधारची झेरॉक्स घेते, तीही आकडे झाकलेली. रजिस्टरवर सही घेते. विदेशी पाहुणा असला तर २४ तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. एकदा पेंचला निघालेलं एक जर्मन जोडपं रात्री अकराला आलं. बिचारे जांभया देत सोफ्यावर, आणि मी त्यांच्या पासपोर्टचा फोटो काढतेय. ट्यूबलाइटची पट्टी नेमकी नंबरावर चमकायची. शेवटी ह्यांनी पंचा आडवा धरला, तेव्हा फोटो निघाला. पण भरला की विषय संपतो. जीएसटीचंही तसंच: माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खूप खाली, ॲपवरच्या बुकिंगचा कर ॲपवालाच भरतो.

डोकं खातो तो दर. घरपट्टी आणि विजेचं बिल घरगुती लागणार की व्यावसायिक? एका कार्यालयात म्हणाले, पैसे घेता म्हणजे धंदा. दुसरीकडे म्हणाले, घरात राहता ना, मग घरगुतीच. दोघांपैकी कोणी लिहून देईना. व्यावसायिक मीटर लागलं तर उन्हाळ्यात कूलरचं पाणी उपसणाऱ्या मोटरसकट अख्ख्या घराचं बिल त्या दराने. मग मी बैतूलच्या त्या माउलीकडून काय भाडं मागू? आणि पुण्यातून डबी चालवणाऱ्याला कोणी विचारतच नाही, कारण त्याच्या दारावर पाटी नाही. माझ्या फाटकावर आहे.

मालक खाली राहतो की नाही, एवढं एक बघा आणि त्यावर दर ठरवा, असा अर्ज मी लिहून दिलाय. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, जागा पाहावी लागेल. म्हटलं, या की. शनिवारी सकाळी आलात तर तर्री-पोहे तयार असतात, कोर्टवाल्या काकांसाठी करतेच मी.